नुसते उत्तर नको, ओळी दाखव
(ठाणे, वर्तकनगर येथील पालक मेळाव्यातील भाषण)



मला विषय दिला होता 'मुस्लिम मुलींचे शिक्षण'. एवढा मोठा विषय मला पेलणार नाही. मी गृहपाठाच्या वहीबद्दल बोलते.

इथे वर्तकनगरात संध्याकाळी काही मुली माझ्याकडे गणित करायला बसतात. त्यांतली एक आठवीतली. चाचणीत नापास झाली आणि घरी सुरू झाले, "हिला गणित जमत नाही, पुढे कशाला शिकवायचे?" मी वही मागितली. पानोपानी नुसती उत्तरे.

एक गणित असे होते. 500 रुपयांच्या कुर्त्याची किंमत आधी शेकडा 20 ने वाढवली, मग शेकडा 20 ने कमी केली. आता किंमत किती? तिचे उत्तर 500. तिच्या अब्बांचेही तेच, आणि ते स्वतः कपडे विकतात!

म्हटले, एकेक ओळ लिही. 500 चे शेकडा 20 म्हणजे 100. किंमत झाली 600. पुढे तिने पुन्हा 100 वजा केले. "हे शेकडा 20 कशाचे?" मी एवढेच विचारले. ती थांबली, पेन्सिल 600 वर टेकवली. 600 चे शेकडा 20 म्हणजे 120. उत्तर 480. चूक एकाच ओळीत होती, आणि ती ओळच वहीत नव्हती.

बीजगणित मुसलमानांनी दिले, हे आपण सभांमधून अभिमानाने सांगतो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने जे पुस्तक लिहिले, त्यातल्या 'अल-जब्र' या शब्दावरून 'अल्जिब्रा' आला. पण त्यात चिन्हे नाहीत. आधी हे करा, मग ते करा, असे शब्दांत लिहिले आहे. शेवटचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांचा. मुलीच्या वाट्याला काय येते, तेही ओळीओळीने. अभिमान बाळगा, पण रात्री दहा मिनिटे वहीपाशीही बसा.

शाळा न पाहिलेल्या अम्मींनाही हे जमते. बोट ठेवायचे आणि विचारायचे, "ही ओळ कुठून आली?" बोर्डाच्या परीक्षेत उत्तर चुकले तरी बरोबर पायऱ्यांचे गुण मिळतात.

त्या मुलीने घरी अब्बांना 480 पटवले. ते बराच वेळ भांडले, मग हसले. "दहावीपर्यंत शिकू दे," म्हणाले. ते आज इथे बसले आहेत, त्यांना विचारूनच हे सांगितले. दहावीनंतरचे बोलणे आमचे अजून व्हायचे आहे.