चार्जर रुसला तर

मागच्या महिन्यात रात्री दहाला आमच्या मोटारीचा चार्जर रुसला. वीज होती, केबल ठीक होती. कंपनीचा सर्व्हर बंद, म्हणून अॅप चार्जिंग सुरू करेना. पहाटे आईला पुण्याच्या विमानाला बसवायचे, दुपारी तिचे डोळ्याचे ऑपरेशन! बोम्मसंद्र्याला ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रो आली खरी, पण पहाटे चारला ती थोडीच धावणार?

वास्तविक गाडी आणि चार्जर केबलमधल्या कंट्रोल पायलट तारेवरच बोलतात. १ किलोहर्ट्झचा संकेत. स्पंदाची रुंदी २७ टक्के म्हणजे सुमारे १६ अँपिअर. त्याला इंटरनेट कशाला?

आमच्या रेल्वेत सिग्नल बिघडला तर लाल होतो, पण लेखी परवान्यावर गाडी पुढे नेता येते. इथे नुसताच लाल! शेवटी गाडीबरोबरची केबल गीझरच्या पॉइंटला लावली.

चार्जर घेताना दुकानदाराला राउटर बंद करून चालवून दाखवायला सांगा. आमचा आता कार्डावर चालतो.