घरची शाळा आणि तिची फी

अमेरिकेतील शिक्षणचिंतक जॉन होल्ट यांनी १९७७ साली बॉस्टनहून ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केले. मुलांना घरीच शिकविणाऱ्या पालकांची पत्रे हा त्याचा प्राण होता. शाळा-अधिकाऱ्यांना काय उत्तर द्यावे, मूल उशिरा वाचू लागले तर धीर कसा धरावा, अशी व्यवहारी सल्लामसलत त्यांतून चाले. होल्ट १९८५ साली निवर्तले. नियतकालिक २००१ पर्यंत चालले. परस्परसाहाय्याचे हे मोल नाकारण्याचे कारण नाही.

परंतु या सर्व सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत असते: दिवसा घरी राहू शकणारे माणूस. ते बहुधा आईच असते. तिने सोडलेला पगार हीच घरच्या शाळेची खरी फी. ती कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाने ती कोठून भरावी?

आपल्याकडे १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला. ज्यांच्या घरी शिकवायला सवड कोणालाच नाही, त्यांना या हक्कावाचून दुसरा आधार नाही.

होल्ट स्वतः वर्गात शिकविणारे शिक्षक होते. भीतीने मुलाची बुद्धी आखडते, हे त्यांनी वर्गातच पाहिले व १९६४ च्या ‘हाऊ चिल्ड्रन फेल’मध्ये मांडले. घरी शिकविणाऱ्या पालकांना आलेला निर्भय शिक्षणाचा अनुभव घराच्या उंबरठ्याआड राहू नये. त्याची खरी गरज गावच्या सरकारी शाळेला आहे.