चेहऱ्याचे तेज कशात आहे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कातडी तरुण कशी राखावी, यावर मी दोन शब्द बोलावेत अशी आपण आज्ञा केलीत. मी काही डॉक्टर नव्हे. पण हा धडा मी स्वतःच्याच तोंडावर शिकले आहे, म्हणून धीर करते.

धाकट्याच्या वेळी माझ्या दोन्ही गालांवर वांग उठला. एकीने सांगितले म्हणून मी दुकानातून मलमाची नळी आणली. पंधरा दिवसांत डाग फिका झाला. मला कोण आनंद! दोन वर्षे मी ती लावीत राहिले. पुढे उन्हात गेले की चेहऱ्याची आग होई, गालांवर बारीक शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव आली. लावणे थांबवले की आणखीच भडका! अखेर कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "यात स्टिरॉइड आहे. कातडी उजळल्यासारखी दिसते, पण आतून पातळ होत जाते." बरे व्हायला सात महिने लागले, आणि वांग थोडा राहिलाच.

अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा नियम सरकारने २०१८ साली केला आहे. तरी आपण मागतो आणि दुकानदार देतो. गोरे करणाऱ्या काही मलमांत तर पारा असतो. अकोल्याच्या एका घरातील मायलेकींची मूत्रपिंडे अशाच मलमाने बिघडल्याचे २०२३ साली वर्तमानपत्रांत आले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा मलमात पारा सापडला. म्हणून डब्यावर कारखान्याचे नाव आणि आतल्या जिनसांची यादी नसेल, तर ते घरात आणू नका. कुणी स्टिरॉइडची नळी लावीत असेल, तर एकदम न सोडता डॉक्टरांना विचारून सोडा.

मग करावे काय? आपल्याच दंडाची आतली बाजू पाहा आणि मग चेहरा पाहा. वय दोहोंचे एकच, पण दंड मऊ आणि गाल रापलेला. हा फरक उन्हाचा! उत्तनला बोंबील वाळत घालणाऱ्या आणि भाईंदरच्या मिठागरांवर राबलेल्या बायकांना ऊन चुकले नाही. आपल्याला जेवढे चुकवता येईल तेवढे चुकवावे. बाजार सकाळी दहाच्या आत उरकावा, छत्री न्यावी, डोक्यावरून पदर घ्यावा. ढग असले तरी ऊन आपले काम करीतच असते. वांग असेल तिने डॉक्टरांना विचारून उन्हाचे मलम लावावे.

दुसरे आपले ताट. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत दिसले. अशा बाईचा चेहरा फिकट पडतो आणि आपण म्हणतो, "काय गोरी दिसते!" तो गोरेपणा नव्हे, दुखणे आहे. आपण सर्वांना वाढतो आणि मागून उरलेले खातो. त्या पानात डाळ नसते, भाजी नसते. मेथी, माठ, चवळी, नाचणीची भाकरी, मूठभर शेंगदाणे, परवडेल तेव्हा अंडे किंवा बांगडा, हे आपल्याही पानात हवे. भाजीवर लिंबू पिळावे म्हणजे त्यातले लोह अंगी लागते. आवळा, पेरू ही तर आपली स्वस्त औषधे. मिश्रीचा डबा मात्र फेकून द्या. तिने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, तिथे कातडीची काय कथा!

तिसरी झोप. पहाटेच्या लोकलसाठी डबा आपणच करायचा, तर रात्रीची भांडी एकटीनेच का घासावी? मुलामुलींना हात लावायला सांगा आणि वेळेवर निजा.

सुरकुत्या येणारच, भगिनींनो, त्यांची लाज नको. पण आज घरी गेल्यावर एवढे करा. सर्वांबरोबर आपलेही पान मांडा आणि पोटभर जेवा.