तेलाची पिशवी आणि बियाण्याची बॅग



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही. माझं काम पैसे इकडून तिकडे पाठवणाऱ्या यंत्रणेचं. म्हणून संयोजकांनी मला विचारलं, गरीब कुटुंबाला वस्तूंऐवजी थेट पैसे दिले तर काय होतं, यावर बोलशील का? बोलतो. पण सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

२०१८ चा रमजान मे-जूनमध्ये आला होता. आम्ही सात-आठ मित्रांनी जकातीचे पैसे एकत्र केले आणि आमच्या तालुक्यातल्या चार गावांत रेशन किट वाटले. तांदूळ, डाळ, साखर, तेल, खजूर. पिशवीवर आमच्या ग्रुपचं स्टिकर. आठवड्याभराने त्यातल्या एका गावात किराणा दुकानात गेलो, तर आमचं स्टिकर लावलेली पिशवी फळीवर! दुकानदार शांतपणे म्हणाला, "खालाने विकली." आम्हाला १४०० रुपयांना पडलेला किट त्याने ८०० ला घेतला होता.

मी तावातावाने तिच्या घरी गेलो. विधवा बाई, दोन मुलं, दीड एकर कोरडवाहू. मी विचारलं, "खाला, किट बेच दिया आपने?" ती जराही ओशाळली नाही. म्हणाली, "बेटा, तीन किट आए घर में. तेल पीऊँ क्या? पेरनी सर पे आई, बियाना नहीं है."

तीन किट. एक आमचा, एक दुसऱ्या ट्रस्टचा, एक पुढाऱ्याचा. आणि सोयाबीनच्या बियाण्याची बॅग कोणीच दिली नव्हती, कारण ते तिला कोणी विचारलंच नव्हतं. बियाणं उधारीवर घेतलं की भाव जास्त लागतो आणि काढणीनंतर माल त्याच माणसाला घालावा लागतो, तो म्हणेल त्या दराने. म्हणजे तो एक किट विकून खालाने ६०० रुपयांचं नुकसान सोसलं, आणि तरीही तिचा हिशेब बरोबर होता. चूक आमच्या हिशेबात होती.

रोख का दिली नाही? मीटिंगमध्ये विषय निघाला होता. कोणीतरी म्हणालं, "पैसे दिले तर उडवतील," आणि आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. ऑफिसात साधा बग कोणी सांगितला तरी मी आधी लॉग मागतो. इथे मात्र पुरावा मागावासा वाटला नाही.

तो पुरावा पुढे मी शोधला. सगळ्यात सविस्तर सापडला तो पश्चिम केनियातला.

व्हिक्टोरिया सरोवराजवळ सियाया नावाचा जिल्हा आहे. मका पिकवणारी छोटी शेतं, मातीच्या भिंती, गवताचं छप्पर. तिथे 'गिव्हडायरेक्टली' ही संस्था २०११ पासून गरीब कुटुंबांना थेट पैसे देत आली. निवडीचा निकष अगदी साधा होता: घरावर गवत आहे का पत्रा? गवत असेल तर नाव यादीत. पैसे मोबाइलवर, एम-पेसाने. ही सेवा केनियात २००७ पासून आहे. बँकेची गरज नाही, गावातल्या एजंटकडे फोन दाखवून रोख घ्यायची. आणि मुख्य म्हणजे अट कुठलीच नाही. काय घ्यायचं ते घरानं ठरवायचं.

योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो या दोन अर्थतज्ज्ञांनी सियायातल्या रारिएडा भागात याचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घरं निवडली, काहींना पैसे मिळाले, काहींना नाही, आणि मग दोन्हींची तुलना केली. लोकांनी काय केलं? चांगलं खाल्लं. गाई-बकऱ्या घेतल्या. आणि घरावर पत्रे घातले. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही.

पत्र्यांपाशी जरा थांबतो, कारण मला स्वतःला ते आधी कळलं नव्हतं. मला वाटलं, पत्रा म्हणजे हौस, चारचौघांत दिसावं म्हणून. पण गवताचं छप्पर वर्षा-दोन वर्षांनी बदलावं लागतं. प्रत्येक वेळी गवत विकत घ्या, मजुरी द्या, तरी पावसात गळतंच. पत्रा एकदा घातला की वर्षानुवर्षं तो खर्च बंद. शिवाय पावसाचं पाणी पन्हळीने भांड्यात धरता येतं. गरीब माणसाला स्वस्त वस्तू महाग पडते ती अशी. महाग पण टिकाऊ वस्तू घ्यायला एकरकमी पैसे लागतात, आणि तेच त्याच्या हातात कधी नसतात. आपल्याकडची खालाची बॅग आणि तिकडचा पत्रा, दोन्हीचं गणित एकच.

या अभ्यासात आणखी एक खुबी होती. काही घरांना पैसे महिन्याच्या हप्त्यांनी दिले, काहींना एकदम. हप्ते मिळालेल्यांच्या घरी जेवणाची चणचण जास्त कमी झाली. एकदम मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या. दोन्ही बरोबरच. म्हणजे 'किती द्यायचं' इतकाच 'कधी आणि कसं द्यायचं' हाही प्रश्न आहे. आपल्याकडे लाडकी बहीण योजनेत जुलै २०२४ पासून महिन्याला १५०० रुपये येतात. त्यातून घरखर्चाला आधार होतो. पण पेरणीच्या तोंडावर एकदम दहा हजार हवे असतील, तर ते १५०० कामाला येत नाहीत. हे योजनेला नावं ठेवणं नाही, फरक सांगतोय.

पुढचा अभ्यास फार मोठा होता. सियायातली ६५३ गावं, दहा हजारांहून जास्त कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १००० डॉलर, म्हणजे तेव्हाचे आपले साठ-पासष्ट हजार रुपये, साधारण आठ महिन्यांत तीन हप्त्यांनी. घराच्या वर्षाच्या खर्चाच्या पाऊणपट रक्कम. प्रश्न असा होता की एवढा पैसा गावात ओतला तर महागाई वाढेल का? ज्यांना मिळाला नाही ते भरडले जातील का? भाववाढ झाली ती सरासरी ०.१ टक्का, म्हणजे नसल्यासारखीच. उलट पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचाही खर्च वाढला, कारण मिळालेल्यांनी गवंड्याला काम दिलं, दुकानातून सामान घेतलं. बाहेरून आलेल्या एका डॉलरमागे त्या भागात सुमारे अडीच डॉलरची उलाढाल झाली. २०२२ मध्ये हे 'इकॉनोमेट्रिका'त छापून आलं.

आता आकड्यांतला शेवटचा. त्याच गावांतल्या बाळांच्या जन्ममृत्यूची माहिती नंतर गोळा केली गेली आणि २०२५ मध्ये निष्कर्ष आला: पैसे मिळालेल्या घरांत एक वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू ४८ टक्क्यांनी कमी. मी तो आकडा दोनदा वाचला. का झालं असेल? बाई शेवटच्या महिन्यांत शेतावर राबायला गेली नाही, पोटभर जेवली, बाळंतपण दवाखान्यात झालं. पण नीट ऐका: हा फायदा जास्त दिसला तो दवाखाना जवळ असलेल्या घरांत, आणि बाळंतपणाच्या सुमारास पैसे हातात आलेल्यांत. पैशाने दवाखाना उभा राहत नाही. डॉक्टर, रस्ता, शाळा हे सरकारकडे मागायचंच आहे. रोख मदत दिली म्हणून ती मागणी सोडायची, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

सगळं गोड नव्हतं. शेजारच्या होमा बे जिल्ह्यात बऱ्याच लोकांनी पैसे घ्यायलाच नकार दिला. फुकट कोण देतं, यामागे काही अघोरी असणार, अशी अफवा पसरली होती. मला त्यांचं हसू येत नाही. आपल्याकडे तरी कोणी दारात येऊन साठ हजार देतो म्हणालं, तर आपण आधी ओटीपी सांभाळू. आणि काँगोत तर खुद्द संस्थेच्याच काही माणसांनी सुमारे नऊ लाख डॉलर लाटले. अशांत भाग म्हणून तिथे लाभार्थ्यांचे सिमकार्ड नोंदवायचं काम कर्मचाऱ्यांवर सोपवलं होतं. ज्याच्या हातात सिम, त्याच्या हातात पैसे. संस्थेने २०२३ मध्ये हे स्वतः जाहीर केलं. आपल्या गावांत पासबुक, एटीएम कार्ड, कधी अंगठासुद्धा दुसऱ्याच्या ताब्यात असतो. तेव्हा 'थेट' हा शब्द वापरण्याआधी मध्ये कोण उभं आहे ते पाहावं लागतं.

आमचं आता काय चाललंय ते सांगून थांबतो. घरच्या मौलवीसाहेबांना मी भीतभीतच विचारलं होतं. ते म्हणाले, अरे, हनफी फिकहमध्ये जकातीला तमलीकची अट आहे, दिलेलं घेणाऱ्याच्या पूर्ण मालकीचं व्हायला हवं. रोख दिली तर त्यात अडचण कसली? मग गेल्या वर्षी आम्ही स्टिकर छापले नाहीत. चाळीस घरांना खात्यावर पैसे पाठवले.

चाळीसपैकी सहा व्यवहार परत आले. माझं रोजचं काम हेच असूनही मला आधी सुचलं नाही. आधारवर 'मोहम्मद', पासबुकावर 'मोहंमद', रेशनकार्डावर नुसता 'मो.' कुठे 'शेख' पुढे, कुठे मागे. एकीच्या नावात 'बी', दुसरीकडे 'बेगम'. कॉम्प्युटरला ही दोन माणसं वाटतात. सरकारी योजनांचे पैसेही अशाच कारणाने अडकतात, आणि आपल्या नावांत हा घोळ जरा जास्तच असतो. त्या सहांत खालाही होती. तिने बँकेत तीन फेऱ्या मारल्या, म्हणजे तीन दिवसांची मजुरी गेली. शेवटी रोख हातात नेऊन दिली. या खेपेला बकरी घेतली तिने. बियाण्याचं विचारलं, तर म्हणाली, "वो तो घर का रखा मैंने."

येत्या रविवारी पुढच्या दोन गावांची नोंदणी आहे. ज्यांना मोबाइलवर मराठीत टाइप करता येतं आणि तीन तास बसायची तयारी आहे, त्यांनी यावं. लोकांना आधार, पासबुक आणि रेशनकार्ड तिन्ही आणायला सांगा. नावं तिथेच जुळवून पाहू, आणि चुकलेली दुरुस्त करायला कोणाबरोबर कोण जाणार तेही तिथेच ठरवू. फक्त एक: त्यांचा फोन आणि पासबुक त्यांच्याच हातात राहू द्या, बघून लगेच परत करा.