कायदा आणि शील



कायदा श्रेष्ठ की नीती श्रेष्ठ, या वादाचा निवाडा महाडच्या चवदार तळ्याने फार पूर्वीच केला आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत, हा श्री. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. तरीही तळे बंदच राहिले! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तेथील पाणी प्राशन केले, तेव्हा सनातन्यांनी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले आणि दिवाणी दावा लावला. त्यांना आपली अनादि वहिवाट सिद्ध करता आली नाही आणि १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

नीती नसेल तेथे कायदा निर्जीव होतो. कायदा नसेल तेथे दुर्बलाला दाद मागण्यास जागाच उरत नाही. म्हणून दोन्ही हवेत.

आता हाच न्याय आपल्या घरास लावू. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता पिता वारला, तर त्याच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही तिला जन्मतः समान हक्क दिला. हिंदू संहिता विधेयक रखडले, हे बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडण्याचे एक प्रमुख कारण होते. आणि आपण काय करतो? पिता वारला की साडीचोळी करून बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतो.

तो कागद कायद्याने बहुधा टिकतो. परंतु न दिलेले घेणार नाही, असे आपण पंचशील ग्रहण करताना म्हटले आहे. माहेर तुटेल या भीतीने बहिणीने केलेली सही, हे खरोखर ‘दिलेले’ आहे काय? या प्रश्नाचे उत्तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मिळणार नाही. ते आपल्या शीलानेच दिले पाहिजे.

म्हणून माझी विनंती आहे की, सही घेण्यापूर्वी बहिणीला तिचा वाटा किती, हे स्पष्ट सांगा. तिला स्वतंत्र सल्ला घेऊ द्या. तिने वाटा मागितला, तरी माहेरचे दार उघडेच ठेवा. तळ्याचे पाणी सर्वांचे, असे जगाला सांगणाऱ्यांच्या घरात बहिणीचा वाटा बंद असता कामा नये.

जय भीम!