वादळातील ज्योत आणि संगणकाचे गणित

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मी कला शाखेचा पदवीधर. उभे आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत गेले. त्यामुळे विज्ञानाविषयी बोलण्याचा माझा अधिकार जिज्ञासूपुरताच आहे, हे प्रारंभीच सांगतो.

देव्हाऱ्यातील निरांजनाला वारा लागला की आपण हाताचा आडोसा धरतो. आता कल्पना करा, वारा सेकंदाला दीड किलोमीटर वेगाने वाहतो आहे आणि त्यात ज्योत तेवत ठेवायची आहे. स्क्रॅमजेट इंजिनापुढचे आव्हान हेच. रॉकेटला प्राणवायू बरोबर न्यावा लागतो. हे इंजिन तो वातावरणातून घेते. मात्र आतली हवा ध्वनीहून अधिक वेगानेच वाहत असते. मीटरभर लांबीचा ज्वलनकक्ष ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत ओलांडते. तेवढ्यात इंधन मिसळले पाहिजे, पेटले पाहिजे, जळले पाहिजे.

हे सारे केवळ प्रयोगांनी शोधणे परवडणारे नाही, म्हणून संगणक. ज्वलनकक्षाची लक्षावधी सूक्ष्म घरे कल्पून प्रत्येक घरातील वस्तुमान, संवेग, ऊर्जा आणि रासायनिक क्रिया यांचा जमाखर्च तो क्षणोक्षणी मांडतो. अशाच वायुगतिकीय आकडेमोडीसाठी हैदराबादच्या ‘अनुराग’ या संरक्षण प्रयोगशाळेने ‘पेस’ हा समांतर संगणक घडविला होता.

परंतु हवेतले अतिसूक्ष्म भोवरे सगळेच मोजता येत नाहीत. तेथे अनुमान करावे लागते, आणि अनुमान बदलले की उत्तरही बदलते. पडद्यावरचे रंगीत चित्र कितीही देखणे असले, तरी ते प्रमाण नव्हे.

याची किंमत अमेरिकेने मोजली आहे. २ जून २००१ रोजी ‘नासा’चे एक्स-४३ए हे यान, स्क्रॅमजेट पेटण्यापूर्वीच, वाहक रॉकेटसह नष्ट करावे लागले. चौकशीत दोष निघाला तो रॉकेटच्या नियंत्रणासाठी वापरलेल्या सदोष गणिती प्रतिमानांचा. त्यांनी सुरक्षिततेचा वाव प्रत्यक्षाहून अधिक दाखविला होता. चूक मान्य झाली, गणित सुधारले, आणि २००४ साली त्याच मालिकेतील दोन उड्डाणे यशस्वी झाली.

आपल्या शास्त्रज्ञांनीही पायरी पायरीनेच मजल मारली. २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून झालेल्या ‘इस्रो’च्या चाचणीत ज्योत सुमारे ५ सेकंद तेवली. ७ सप्टेंबर २०२० रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावरून झालेल्या ‘डीआरडीओ’च्या उड्डाणात ती २० सेकंदांहून अधिक टिकली. एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादला जमिनीवरील चाचणीत तिने १००० सेकंदांचा टप्पा ओलांडला.

येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगेन. गणित मनापासून शिका. परंतु आपलेच उत्तर प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहण्याचा प्रामाणिकपणाही शिका. संगणक ‘पेटेल’ एवढेच सांगू शकतो. ‘पेटले’ हे प्रत्यक्ष ज्योतीनेच सांगायचे असते.