एका रक्तपेशीचा ताळेबंद

(संस्थेच्या वार्षिक समारंभात वडाळा येथे विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



पावसाळा आला की आपल्या वडाळ्यात घराघरांतून हिवतापाची चर्चा सुरू होते. म्हणून आज एका तांबड्या रक्तपेशीविषयी दोन शब्द सांगतो.

माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, म्हणून तिच्या केंद्रकातला डीएनए तिच्यात नसतो. तिची सारी पुंजी म्हणजे हिमोग्लोबिन, सुमारे 30 पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! उलट, पांढऱ्या पेशीत केंद्रक असते आणि त्यात सुमारे साडेसहा पिकोग्रॅम डीएनए असतो.

एवढ्याशा वस्तू तोलायच्या कशा? तराजू आहे प्रकाशाचा. आपल्या ट्यूबलाइटमध्ये न दिसणारे अतिनील किरण आतल्या पुडीवर पडतात आणि पुडी उजळते. याला प्रतिदीप्ती म्हणतात. ॲक्रिडीन ऑरेंज हे रंजक डीएनएला चिकटले की निळ्या प्रकाशात हिरवे चमकते. चमक जितकी अधिक, तितका डीएनए अधिक. तुलनेसाठी वजन हवे, ते कोंबडीच्या रक्तात मिळते. तिच्या तांबड्या पेशीत केंद्रक असून त्यात सुमारे अडीच पिकोग्रॅम डीएनए असतो. हिमोग्लोबिन मात्र स्वतः चमकत नाही. ते जांभळा प्रकाश शोषून घेते. किती प्रकाश शोषला गेला, यावरून त्याचे माप निघते.

आता हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत शिरला, तर काय होईल? जिथे डीएनए नसावा तिथे हिरवा ठिपका दिसेल. जंतू हिमोग्लोबिन खात जातो, म्हणजे जमा घटते. आणि स्वतःची संख्या वाढवतो, म्हणजे डीएनए वाढतो. फाल्सिपॅरम जातीत सुमारे 48 तासांत एकाचे 16 ते 32 होऊन पेशी फुटते. परंतु प्रत्येक ठिपका जंतूच असतो असे नाही. नवजात तांबड्या पेशीत उरलेला आरएनएही हे रंजक घेतो. म्हणून जाणत्या डोळ्यांची गरज राहतेच.

1911 साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचा अहवाल दिला आणि विहिरींतून वाढणाऱ्या स्टीफेन्साय डासाकडे बोट दाखवले. आज गच्चीवरची उघडी टाकी हीच त्याची विहीर.

विद्यार्थीदशेत मला हिवताप झाला. ताप उतरताच मी गोळ्या सोडल्या. काही आठवड्यांनी ताप परत आला आणि परीक्षा बुडाली. व्हायवॅक्स जातीचे जंतू यकृतात दडून राहतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. अम्मीने मात्र बजावले होते!

मित्रांनो, ताप आला तर आधी रक्त तपासून घ्या, डॉक्टरांनी दिलेले औषध शेवटच्या गोळीपर्यंत घ्या आणि टाकीला झाकण घाला.